तोड म्हणावं

मी, केवळाबाई शेषेराव मुसांडे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोसंबीची बागायत, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका कंधार, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळ्याला चष्मा आहे, पण अक्षर दिसतं. मला कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून पाटावर बसवलेलं नाही. उलट लिहू नको म्हणणारेच जास्त निघाले.

कंधारचे वकील रेणुकादास यांनी मला टाइप केलेला नमुना दिला होता. मोकळ्या जागा भरायच्या आणि खाली सही करायची. मी सातवी पास आहे, नमुना वाचला. त्यातले 'स्थावर व जंगम' हे शब्द चांगले वाटले, ते घेतले. पण कोणाला काय दिलं याला त्यात जागा होती, का दिलं याला नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "काकू, कारणं लिहू नका. कारणांतूनच भांडणं निघतात." मी म्हणलं, "साहेब, भांडण निघून दहा वर्षं झाली. आता कारणच लिहायचं राहिलंय." त्यावर त्यांनी चहा मागवला.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मात्र दहा वर्षांपूर्वी रागाच्या भरात चार माणसांसमोर तोंडी बरंच काही बोलले होते. ते सगळं या कागदानं रद्द समजावं.

कलम एक. माझी माणसं.

माझे पती शेषेराव सन १९९८ मध्ये वारले. मला एकच मुलगा, वैजनाथ, वय बेचाळीस. तो लातूरला शिकवणीच्या पोरांची मेस चालवतो. त्याची बायको विमल, मुलगी श्रद्धा, यंदा दहावीला. कायद्यानं माझा वारस वैजनाथ एकटाच.

दुसरी आरती. औसा तालुक्यातला माझा भाऊ सिद्धराम, त्याची ही मुलगी. त्र्याण्णवच्या भूकंपात माझा भाऊ, भावजय, त्यांचा धाकटा पोरगा आणि माझी आई असे चौघं माळवदाखाली गेले. आरती आठ वर्षांची होती. गणपती बोळवून आल्यावर ती अंगणातल्या बैलगाडीत कडब्यावरच झोपली आणि तिला कोणी उचलून आत नेलं नाही, म्हणून राहिली. तिसऱ्या दिवशी मी आणि शेषेराव पोचलो तेव्हा ती शाळेच्या पटांगणातल्या तंबूत बसली होती. शिपायानं नाव विचारलं तरी सांगत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, "आत्या, आई अजून उठली न्हाई." तिला मी घरी आणलं. दत्तकविधान केलं नाही. पोरीला घरात घ्यायला कागद लागतो हे तेव्हा सुचलं नाही. आता लागतो, म्हणून हे लिहिणं.

आरतीचा नवरा भीमाशंकर शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त बागेला पाणी चालू करून बांधावर पुस्तक वाचत बसतो आणि वरची सरी फुटून जाते. हे त्यानं माझ्या हयातीतच बंद करावं.

कलम दोन. घर.

गावातलं घर, चार खण, पुढचा ओटा व मागची न्हाणी यांसह, वैजनाथला द्यावं. बागेतल्या दोन खोल्यांची कोठी आरतीला द्यावी, ती तिथंच राहते. तांब्याचा हंडा आणि माझी दोन्ही इरकली लुगडी विमलला द्यावीत. सून म्हणून तिनं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. मी तिला पुष्कळ दिली. लुगड्यानं ते भरून येत नाही, मला कळतं, पण घरात दुसरं चांगलं काही नाही.

कलम तीन. बँकेतली शिल्लक.

बँकेत जे काही निघेल त्यातून माझं दिवसकार्य साधं करावं. उरेल ते श्रद्धाच्या शिक्षणाला. अट एकच, शिक्षण ती म्हणेल ते. तिचा निकाल लागला की पाहुणे येतील आणि म्हणतील, "पोरगी हुशार हाय, लातुरात तर राहता, घाला डॉक्टरच्या लाइनीला." त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. ती स्वतःहून म्हणाली तर जरूर घालावं. माझं वैर शिकवणीशी नाही, दुसऱ्याच्या हौसेशी आहे. ही अट मी का घालते ते कलम सहामध्ये येईल.

कलम चार. हत्यारं.

डोळा भरायचा चाकू, शिंगाच्या मुठीचा, आरतीला. कलम बांधताना मोसंबीच्या फांदीवरचा डोळा त्यानं सालीसकट काढायचा आणि लिंबाच्या खुंटात बसवायचा. चाकू जुना आहे, पण पातं अजून केस कापतं. तो भाजीला वापरू नये. शेषेरावांनी एकदा त्यानं कांदा कापला होता, तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

पाठीवरचा फवारणी पंप भीमाशंकरला. फांद्या छाटायची कात्री आणि आरी वैजनाथला. ही कात्री मी त्याच्या हातातून हिसकावून घेतली होती. ती त्याचीच होती.

कलम पाच. बाग.

गट नंबर एकशे अठरा, क्षेत्र पाच एकर, खरेदीखतानं माझ्या नावे घेतलेलं, पूर्णपणे माझ्या मालकीचं. शेषेरावांनी ते माझ्या नावावर का घेतलं, तर माझ्या पाटल्या मोडून घेतलं म्हणून. त्यातल्या वरच्या दोन एकरांत मोसंबी आहे. सन १९८६ मध्ये आम्ही दोघांनी दोनशे दहा झाडं लावली.

गाव तेव्हा हसलं. आमचा शेजारी रेवणप्पा म्हणाला, "काळीभोर जमीन सोडून मुरमात झाडं लावून राहिला, शेषेराव येडा झाला." पण मोसंबीच्या पायात पाणी थांबलं की ती कुजते, तिला निचऱ्याची जमीनच लागते. रेवणप्पानं दोन वर्षांनी खालच्या काळीत तीनशे झाडं लावली. सातव्या वर्षी बुंध्यातून डिंक गाळून सगळी गेली. तेव्हा मी हसले नाही, असं लिहिणार होते. मृत्युपत्रात खोटं लिहू नये. हसले. रेवणप्पाचं आणि माझं बांधाचं जे काही होतं ते माझ्याकडून मिटलं. त्याच्याकडून मिटलं नसेल तर तो त्याचा प्रश्न आहे.

बाग ज्यांच्या हाती जाईल त्यांनी पुढचं पाळावं.

मेलेल्या झाडाच्या जागी रोप लावायचं ते रंगपूर लिंबाच्या खुंटावरचंच लावावं, आणि जिथं डोळा भरलाय ती जागा मातीच्या वर वीतभर राहिली पाहिजे. हौसेनं माती ओढून ती जागा गाडणाऱ्याला बागेत घेऊ नये. पाणी बुंध्याला कधी भिडू देऊ नये. खोडाभोवती एक बांगडी आणि तिच्या बाहेर दुसरी, अशी दोन आळी करावीत, पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावं, आतली बांगडी कोरडी ठेवावी. झाडाचं तोंड खोडाशी नसतं, लांब पसरलेल्या बारीक मुळ्यांच्या टोकाशी असतं. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, मोरचूद आणि चुना कालवून खोडाला कमरेएवढं लिंपावं. कंटाळा करू नये. डिंक आधी एका झाडाला लागतो आणि माणूस म्हणतो, एकालाच तर लागलाय.

खोडातून सरळसोट वर जाणारे फोक येतात, त्यांना आम्ही पाणसोट म्हणतो. हिरवेगार, जोमदार दिसतात. नवख्याला वाटतं, झाड काय वाढलंय! ते झाडाचं खातात आणि फळ देत नाहीत. कोवळे असतानाच काढावेत. सल, म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या, दरवर्षी तोडणी झाल्यावर काढावी आणि कापल्या जागी लगेच औषध लावावं.

युरियाचा मारा केला तर फळ मोठं दिसतं, साल जाड होते, आणि आत चोथा. व्यापाऱ्याला एक वर्ष फसवता येतं, दुसऱ्या वर्षी तो गाडी पुढच्या गावाला नेतो. शेणखत आणि निंबोळी पेंड घालावी. झाडाच्या ताकदीपेक्षा जास्त फळं धरू नयेत. फळं लिंबाएवढी राहतात, झाड थकतं आणि पुढच्या वर्षी रुसतं. बागेत कापूस आणि गहू घेऊ नये. हरभरा चालेल.

आमची मोसंबी पातळ सालीची होती. कंधारच्या बाजारात लोक फळ हातात घेऊन वजनावरून सांगायचे, ही मुसांड्याची. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. फळ आपोआप गोड होत नाही, हे सांगायला लिहिते.

कलम सहा. ताण.

मोसंबी मोकळी सोडली तर वर्षभर चार-चार फुलं काढत बसते. एकदम बहार हवा असेल तर तिला उपाशी ठेवावं लागतं. डिसेंबरात बागेचं पाणी बंद करायचं, याला आम्ही 'पाणी तोडणं' म्हणतो. झाडं मलूल होतात, पानं पिवळी पडतात, चार आणे पानं गळतात. मग पुन्हा पाणी सुरू करायचं, पहिलं हलकं, चार दिवसांनी थोडं जास्त, मग भरपूर. याला 'ताण तोडणं' म्हणतात. आठ-पंधरा दिवसांत बाग फुलून येते. आमच्या मुरमाड जमिनीत ताण पस्तीस दिवसांचा, त्यावर एक दिवस नाही. आणि आमच्या घरचा रिवाज असा की, ज्यानं पाणी तोडलं त्यानंच ताण तोडायचा दिवस सांगायचा. दोन माणसांचं डोकं त्यात चालवायचं नाही.

ही विद्या मला चांगली येत होती. त्याच विद्येनं मी घात केला.

आरती दहावीला तालुक्यात पहिली आली. दोन हजार एक साल. त्या वेळी जो उठेल तो पोराला लातूरला घालत होता. मीही घातलं. तिला विचारलं नाही. तिची आई असती तर तिनं विचारलं असतं, हा विचार आता येतो. बाग वैजनाथवर सोपवून मी लातूरला एका खोलीत तिच्यासोबत राहिले, दोन वर्षं भाकऱ्या थापल्या. आरती पहाटे उठायची, शिकवणी, कॉलेज, पुन्हा शिकवणी. दर आठवड्याला परीक्षा, आणि फळ्यावर नंबरवार नावं. ती वाळत चालली होती. केस जायला लागले. एकदा रडत म्हणाली, "आत्या, मला घरी ने. मला डोळे भरायला जमतं, तेवढंच जमतं." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ताण दिल्याबिगर बहार येत नसतो, बाई. सोस थोडं." मला माझं वाक्य फार आवडलं होतं. खोलीच्या मालकिणीलाही मी ते सांगितलं होतं.

उपटून लावलेल्या रोपाला कोणी ताण देत नाही. मुळं तुटलेल्या झाडाला तर नाहीच नाही. त्याला सावली करतात, थोडं थोडं पाणी देतात, दोन-तीन वर्षं फळाची आशाही धरत नाहीत. हे मी पन्नास माणसांना शिकवलं असेल. आणि जिचं अख्खं घर एका झटक्यात उपटलं गेलं त्या लेकराला मी ताण दिला. बारावीच्या परीक्षेत फिजिक्सच्या पेपराला ती तीन तास बसली आणि कोरा कागद देऊन आली. "मला नाव सोडून काही आठवलं न्हाई," म्हणाली. हा माझा गुन्हा आहे. आरतीनं मला कधी बोल लावला नाही, म्हणून तो कमी होत नाही.

कलम सात. त्र्याऐंशी झाडांबाबत कबुली.

हे कलम वैजनाथसाठी आहे, आणि हे गावानंही ऐकावं.

आरतीच्या बारावीच्या वर्षी, दोन हजार दोनच्या डिसेंबरात, मी एक दिवस गावी येऊन बागेचं पाणी तोडलं आणि लातूरला परत गेले. ताण तोडायचा दिवस मीच सांगणार होते. छत्तिसाव्या दिवशी मला आठवण झाली. एक दिवस उशीरच झाला होता. त्या सकाळी आरती अंथरुणावरून उठेना, भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी तिला तशी टाकून कोपऱ्यावरच्या फोनवर पळाले. गावात फोन सटवाजी यांच्या किराणा दुकानात. मी म्हणाले, "वैजनाथला निरोप द्या, तोड म्हणावं." आणि फोन ठेवला. माझ्या मनात होतं, ताण तोड. बागेला पाणी सोड.

तिकडं त्याच सकाळी वैजनाथनं पानं बघितली, त्याला राहवलं नाही, आणि मला न विचारता त्यानं पहिल्या ओळीला पाणी सोडलं होतं. बरोबर केलं होतं त्यानं. तेवढ्यात सटवाजींचा निरोप गेला, तोड म्हणावं. त्याला वाटलं, आपण न विचारता पाणी सोडलं हे कोणीतरी आईला कळवलं, आई चिडली, आई म्हणते पाणी तोड. त्यानं मोटार बंद केली.

एक शब्द. पाणी सोडायलाही तोच आणि बंद करायलाही तोच. मी पुढचा-मागचा शब्द खाल्ला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो ज्वारीचं पोतं घेऊन लातूरला आला होता. बागेचं विचारायलाच आला होता, हे मला आता कळलं. दारात उभा राहून त्यानं आरतीला पाहिलं, मला पाहिलं. मी विचारलं, "बाग कशी हाय?" तो म्हणाला, "बरी हाय, माय. तू हिच्याकडं बघ." आणि पाणीसुद्धा न पिता गेला. पुढं बासष्टाव्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि त्यानं दोन्ही मोटारी लावून बागेला एकदम भरपूर पाणी दिलं. उपाशी माणसाला एकदम पंगतीत बसवल्यासारखं झालं. झाडांच्या साली फुटल्या, डिंक लागला. मार्चमध्ये मी आरतीला घेऊन परत आले तेव्हा दोनशे दहातली त्र्याऐंशी झाडं गेलेली किंवा जायला निघालेली होती.

मी बागेत उभी राहून बोंब मारली. माणसं जमली. वैजनाथ वाळलेल्या फांद्या काढत होता, त्याच्या हातातली कात्री मी हिसकावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बापानं लेकरासारखी वाढवली, तू मारलीस. तुझ्या हाताला झाड लागत न्हाई. पुन्हा ह्या बागेत पाय टाकू नको." तो एक शब्द बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला. मी समजले, गुन्हा कबूल आहे म्हणून गप आहे. पाडव्याच्या आधी बायको-लेकरू घेऊन तो लातूरला गेला आणि दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घालायला लागला. तेव्हापासून सणावाराला येतो, घरी जेवतो, बागेच्या बांधापर्यंत येतो आणि तिथूनच बघतो. दहा वर्षांत त्यानं आत पाय टाकला नाही. गावात अजून कोणाचं झाड वाळलं तर म्हणतात, "वैजनाथचा हात लागला काय रं?" हे मी ऐकलेलं आहे आणि ऐकून गप बसलेली आहे.

मागच्या महिन्यात सटवाजी आजारी पडले. मी बघायला गेले तर त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी फोनवर तुम्ही 'तोड म्हणावं' एवढंच म्हणाल्ता. मी तेवढंच सांगितलं. बाग गेल्यावर आम्ही दोघं बसलो, मग उमगलं तुम्हाला काय म्हणायचं होतं ते. मी म्हणलं, वैजू, मी सांगतो वहिनीला. तर त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, 'काका, सांगू नका. तिकडं आरतीचं तसं झालंय, त्याचा दोष माय स्वतःला देऊन राहिली. आणखी हे कळलं तर ती उठायची न्हाई. माझं काय, मी पुरुष गडी हाय, सोसतो.' मी शपथ घेतली होती, वहिनी. आता मेल्यावर कोणाला तोंड दाखवू?"

म्हणजे तो त्या दिवशी बागेत मान खाली घालून उभा होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

तरी मी, केवळाबाई शेषेराव मुसांडे, या कागदावर साक्षीदारांसमक्ष कबूल करते की, सदर त्र्याऐंशी झाडं माझ्या अर्धवट निरोपामुळं गेली. वैजनाथचा त्यात कसूर नाही. त्याचा हात बापासारखाच चांगला आहे. मी त्याला खोटं पाडलं, बेअब्रू केलं, घराबाहेर घालवलं. मला याचं फार फार वाईट वाटतं. वाईट वाटतं हा शब्द पुरत नाही, पण वकिलाच्या नमुन्यात दुसरा नाही आणि मलाही सुचत नाही.

कलम आठ. बागेची व्यवस्था.

लातूरहून आल्यावर आरती चार-सहा महिने कोणाशी बोलत नव्हती. मी मेलेल्या झाडांच्या जागी लावायला रोपं बांधत होते. एक दिवस तिनं माझ्या हातातून चाकू घेतला आणि डोळा भरला. तीन आठवड्यांनी तो फुटला. मग तिनंच सगळी रोपं बांधली. आज त्र्याऐंशींपैकी एकसष्ट जागी तिची झाडं उभी आहेत आणि फळावर आहेत. म्हणून बागेवर तिचा हक्क आहे. उरलेली एकशे सत्तावीस शेषेरावांची आणि वैजनाथची. म्हणून त्याचाही आहे.

गट नंबर एकशे अठरा, विहीर, मोटारी व झाडांसह, वैजनाथ आणि आरती यांना समाईक, निम्मं-निम्मं देते. वाटणी करून मध्ये बांध घालू नये, नवी-जुनी झाडं एकमेकांत मिसळलेली आहेत, बांध घालायचा तर निम्मी कापावी लागतील. दोघांपैकी एकाला विकायचं झालं तर दुसऱ्यालाच विकावं. "आरती भाची, तिचा काय संबंध?" असं म्हणणारे भाऊबंद उठतील. त्यांच्यासाठी हे लिहिते की, तिला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, दादाला दे, मग मला दे. दादाला न्हाई तर मला बी नको." असं म्हणणारा एक भाऊबंद दाखवावा.

मोटारीची किल्ली वैजनाथकडं राहील. पाणी कधी तोडायचं आणि ताण कधी तोडायचा हे तो सांगेल. कोणाला विचारायची गरज नाही.

आणि इथून पुढं या बागेबद्दल निरोप द्यायचा तो पूर्ण वाक्यात द्यावा. 'पाणी बंद कर' किंवा 'पाणी सुरू कर'. 'तोड' हा शब्द गट नंबर एकशे अठरामध्ये बंद केला आहे.

कलम नऊ. हा कागद कधी उघडावा.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र पाकिटात घालून त्याला लाख लावतात आणि माणूस गेल्यावर उघडतात. रेणुकादास यांना मी अंमलबजावणीचा इख्तियार देते, पण लाख लावायचा देत नाही. मेल्यावर मागितलेली माफी कसली? वैजनाथनं शिव्या दिल्या तरी मला ऐकू येणार नाहीत, आणि त्या ऐकून घेणं हा माझा हक्क आहे. तो येईल की नाही याची मला धास्ती आहे. जेवायला येईल, पण बांध ओलांडेल का, हे मला माहीत नाही. हे मला जिवंतपणी बघायचं आहे. बाकी काही राहिलेलं नाही.

म्हणून भीमाशंकरनं परवा लातूरला जावं आणि वैजनाथला आणावं. नुसतं 'आई बोलावते' असं सांगू नये, तो घाबरेल. असं सांगावं, "तुझी आई जिवंत आहे, तिची तब्येत बरी आहे, तिला तुला एक कागद वाचायला द्यायचा आहे, मेसची दोन दिवसांची सोय लावून ये." त्याला हा कागद बागेत बसून वाचायला द्यावा.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. प्रत्येक पानावर सही केली आहे.

ठिकाण : मौजे पिंपळदरा, तालुका कंधार
तारीख : २० जानेवारी २०१३

सही : केवळाबाई शेषेराव मुसांडे

साक्षीदार पहिला : सटवाजी नारबाजी गोणारे, किराणा दुकानदार. कलम सातमधला निरोप मीच पोचवला होता. खरं आहे. (सही, अंथरुणावर बसून)

साक्षीदार दुसरा : रेवणप्पा शिवलिंगप्पा, शेजारी शेतकरी. कलम पाचमध्ये माझ्यावर हसल्याचं लिहिलं आहे ते मला वाचून दाखवलं. बांधाचं माझ्याकडूनही मिटलं. (सही)

शेरा, तारीख २४ जानेवारी २०१३ : वरील कागद मी आईसोबत बागेत, आतल्या मधल्या ओळीत बसून वाचला. बाग दोघांत समाईक, हे मान्य. कलम सात तेवढं खोडावं अशी विनंती आहे. आईचं नाव कागदावर असं राहायला नको.
सही : वैजनाथ शेषेराव मुसांडे

शेऱ्याखाली उत्तर : खोडणार नाही. दहा वर्षं तुझं नाव गावात असंच होतं.
सही : केवळाबाई शेषेराव मुसांडे